डेटाबेस ‘नाही’ म्हणतो तेव्हा

मंगल कार्यालयाच्या आरक्षणाचं सॉफ्टवेअर कागदावर अगदी सोपं दिसतं. एक टेबल, त्यात हॉल, तारीख, सकाळचं की संध्याकाळचं सत्र, पक्षाचं नाव आणि अनामत रक्कम. नवी नोंद करण्याआधी प्रोग्राम टेबलाला विचारतो, त्या तारखेला या हॉलवर कुणाची नोंद आहे का? ओळ सापडली नाही तर नोंद करतो आणि पावती देतो. चाचणीत हे चोख चालतं, मालकाला दाखवतानाही चालतं. मग तुळशीचं लग्न उरकतं, मुहूर्ताच्या मोजक्या तारखांवर सगळ्यांची एकदम उडी पडते, आणि एक कुटुंब काउंटरवरून तर दुसरं मोबाइलवरून तोच हॉल, तीच तारीख मागतं. दोन्ही विनंत्या टेबलाला विचारतात, दोन्हींना रिकामं उत्तर मिळतं, दोन्ही नोंद करतात. पावत्या दोन, हॉल एक. कोडची एकेक ओळ वाचली तर कुठेच चूक सापडत नाही. गडबड होते ती विचारणं आणि लिहिणं यांच्यामधल्या काही मिलिसेकंदांत.

प्रोग्रामच्या आतल्या तपासणीनं ही फट बुजत नाही, कारण प्रोग्रामच्या एका वेळी अनेक प्रती चालू असतात आणि एकीनं काय ठरवलंय ते दुसरीला कळत नाही. लॉक लावता येतं, ट्रान्झॅक्शनची आयसोलेशन पातळी वाढवून ती सिरियलायझेबल करता येते. पण या मागण्याही शेवटी डेटाबेसकडेच कराव्या लागतात. सगळ्यांचं लिखाण जिथे एकत्र येतं ती जागा एकच. मग नियमही तिथेच का ठेवू नये? हॉल, तारीख आणि सत्र या तिघांवर मिळून एक युनिक कन्स्ट्रेंट घातला की दुसरी नोंद होऊच शकत नाही. सत्रांऐवजी मोकळ्या वेळा असतील, म्हणजे कुणी दहा ते चार मागतो आणि कुणी तीन ते रात्री अकरा, तर पोस्टग्रेसमध्ये २०१०च्या ९.० आवृत्तीपासून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे: हॉल तोच असेल आणि वेळा एकमेकींवर येत असतील तर नोंद नाकारायची. त्यासाठी वेळेचा पट्टा शेवटाकडून उघडा धरावा लागतो, नाही तर चारला संपणारं लग्न आणि चारलाच सुरू होणारं स्वागत समारंभाचं आरक्षण यांतही भांडण लागतं.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. या पुस्तिकेचा विषय त्यापुढचा आहे. डेटाबेसनं दुसऱ्या कुटुंबाला ‘नाही’ म्हटलं. तो नकार ड्रायव्हरमधून, ओआरएममधून, आपल्या कोडमधून वर चढत चढत मोबाइलच्या पडद्यावर पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं? बहुतेक वेळा ‘काहीतरी बिघडलं, नंतर प्रयत्न करा’ असं होतं. बिघडलं तर काहीच नसतं. डेटाबेसनं नेमकं उत्तर दिलेलं असतं, ते वाटेत हरवतं. कन्स्ट्रेंटनं दिलेला नकार म्हणजे अपघात नव्हे, व्यवहारातलं एक अपेक्षित उत्तर आहे, आणि ओआरएम वापरणाऱ्यानं त्याची तयारी तशीच ठेवायला हवी. माझं म्हणणं एवढंच. पुढची सगळी प्रकरणं त्याचे तपशील आहेत.

नियम डेटाबेसनं सांभाळावेत हा विचार नवा नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं. पुढे १९८५मध्ये त्यांनी रिलेशनल म्हणवणाऱ्या डेटाबेससाठी प्रसिद्ध बारा नियम लिहिले (मोजणी शून्यापासून असल्यानं प्रत्यक्षात तेरा), त्यातला दहावा हाच: डेटाच्या शुद्धतेचे नियम डेटाबेसच्या कॅटलॉगमध्ये नोंदलेले असावेत, प्रोग्राममध्ये विखुरलेले नसावेत. एसक्यूएलच्या मानकात प्रायमरी की, फॉरेन की आणि चेक आले ते १९८९च्या सुधारित आवृत्तीत. कॅस्केडसारख्या कृती आणि तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटापर्यंत लांबवण्याची सोय १९९२च्या मानकात आली.

पण मानक एक सांगतं आणि हाताशी असलेला डेटाबेस दुसरंच करतो. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की आली २०००च्या ७.० आवृत्तीत. मायएसक्यूएलचं जुनं डिफॉल्ट इंजिन मायआयसॅम फॉरेन कीची ओळ वाचायचं, तक्रार न करता स्वीकारायचं आणि सोडून द्यायचं. फॉरेन की खरोखर पाळणारं इनोडीबी डिफॉल्ट झालं २०१०च्या ५.५ आवृत्तीत. चेक कन्स्ट्रेंटची तर त्याहून कमाल. २०१९मध्ये ८.०.१६ येईपर्यंत मायएसक्यूएल तो गुपचूप गिळून टाकत असे. वय शून्यापेक्षा जास्त हवं असं टेबल बनवताना लिहावं आणि खुशाल उणे पाच भरावं. एसक्यूलाइट २००९पासून फॉरेन की पाळू शकतो, पण आजही प्रत्येक कनेक्शनवर ती सोय मुद्दाम सुरू करावी लागते. वेब प्रोग्रामरांची एक अख्खी पिढी या वातावरणात वाढली. नियम प्रोग्राममध्ये ठेवायची सवय त्यांना लागली ती आळसामुळे नव्हे. खालचा डेटाबेस शब्द पाळेल याची त्यांना खात्रीच नव्हती.

आजचे ओआरएम त्याच काळातले. गॅव्हिन किंग यांनी हायबरनेट २००१मध्ये सुरू केलं, रेल्स २००४चं, जँगो २००५चं, एसक्यूएलअल्केमी २००६चं. मार्टिन फाउलर यांच्या २००२च्या पुस्तकातला ॲक्टिव्ह रेकॉर्ड हा पॅटर्न रेल्सनं नावासकट उचलला. रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००५मध्ये उघड भूमिका घेतली की हुशारी एकाच थरात असावी, आणि तो थर प्रोग्रामचा. डेटाबेसनं फक्त सांभाळून ठेवावं. ही भूमिका मला पटत नाही, पण ती उथळ नाही. एक डेटाबेस एकच प्रोग्राम वापरत असेल तर नियम दोन भाषांत दोनदा कशाला लिहायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की ‘एक प्रोग्राम’ कधी एक नसतो. सर्व्हरवर त्याच्या प्रती असतात, मागे रात्री चालणारी कामं असतात, एक्सेलमधून डेटा चढवणारी स्क्रिप्ट असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी थेट कन्सोलवर अपडेट मारणारा कुणीतरी असतोच.

हे नुसतं तर्कानं सांगायचं कारण नाही. पीटर बेलिस आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये सिगमॉड परिषदेत एक शोधनिबंध मांडला. त्यासाठी त्यांनी रेल्सवरचे ६७ मुक्तस्रोत प्रकल्प तपासले. त्यांत मॉडेलवरची व्हॅलिडेशनं आणि असोसिएशन यांचा वापर ट्रान्झॅक्शनच्या ३७ पटींहून जास्त आढळला, आणि एकाच वेळी अनेक विनंत्या आल्या की युनिकनेसचं व्हॅलिडेशन असूनही दुहेरी ओळी कशा तयार होतात हे त्यांनी प्रयोगानं दाखवलं. रेल्सच्या स्वतःच्या दस्तऐवजातही युनिकनेस व्हॅलिडेशन खात्री देत नाही, डेटाबेसमध्ये युनिक इंडेक्स घाला, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दस्तऐवजाच्या त्या परिच्छेदापर्यंत पोहोचणारे थोडे.

म्हणून व्हॅलिडेशन टाकून द्यायचं का? अजिबात नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. व्हॅलिडेशन फॉर्म भरणाऱ्या माणसासाठी असतं: तुमचा मोबाइल क्रमांक नऊच आकडी आहे, पिनकोड राहिला, तारीख उलटून गेली, हे सगळं एका दमात सांगण्यासाठी. कन्स्ट्रेंटला ते जमत नाही, कारण डेटाबेस पहिल्या उल्लंघनापाशी थांबतो आणि तेवढंच सांगतो. फॉर्ममध्ये पाच चुका असतील तर पाच वेळा सबमिट करावं लागेल. उलट, दुसऱ्या कुणाच्या लिखाणावर अवलंबून असलेली गोष्ट, म्हणजे हा ईमेल आधी आहे का, हा हॉल मोकळा आहे का, हा सभासद अजून अस्तित्वात आहे का, ती व्हॅलिडेशननं तपासली तरी उत्तर मिळेपर्यंत शिळं झालेलं असू शकतं.

माझ्या पाहण्यात हा फरक सर्वांत नीट ओळखला तो एलिक्सर भाषेतल्या एक्टोनं. तिथे चेंजसेटवर व्हॅलिडेशन वेगळं लिहायचं आणि कन्स्ट्रेंट वेगळा. व्हॅलिडेशनं डेटाबेसकडे जाण्याआधी चालतात. युनिक कन्स्ट्रेंट जाहीर केला तर एक्टो आधी काहीच विचारत नाही, सरळ इन्सर्ट करतो. डेटाबेसनं त्या नावाच्या कन्स्ट्रेंटवर बोट ठेवलं तर त्या नकाराचं रूपांतर संबंधित फील्डखालच्या संदेशात करतो. फॉर्मला दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. जँगोला इथवर यायला वेळ लागला. युनिक आणि चेक कन्स्ट्रेंट मॉडेलवर नाव देऊन लिहायची सोय २०१९च्या २.२मध्ये आली आणि व्हॅलिडेशनच्या वेळीही ते तपासणं २०२२च्या ४.१मध्ये. त्यातही एक जुनी मेख कायम आहे: जँगोमध्ये नुसतं सेव्ह केलं तर मॉडेलचं पूर्ण व्हॅलिडेशन चालतच नाही, ते मॉडेलफॉर्ममधून आलं तर चालतं. नव्यानं जँगो शिकणारा प्रत्येक जण यावर एकदा तरी चक्रावतो.

आता जरा खोलात. ओआरएमसोबत काम करताना नकार कुठे येतो, हा प्रश्न नकार कोणता आहे याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. हायबरनेटमध्ये ऑब्जेक्ट सेव्ह केला म्हणजे इन्सर्ट झाला असं नाही. बदल सेशनमध्ये साचतात आणि फ्लशच्या वेळी एकत्र डेटाबेसकडे जातात. त्यामुळे सेव्हच्या ओळीभोवती घातलेला ट्राय-कॅच रिकामाच राहतो आणि एक्सेप्शन येतं कमिटपाशी, दोन फायली पलीकडे. याला अपवाद म्हणजे आयडी डेटाबेसनंच द्यायचा असं आयडेंटिटी धोरण ठेवलं असेल तर. मग इन्सर्ट लगेच होतो, कारण त्याशिवाय आयडी मिळणार कसा? म्हणजे आयडीचं धोरण बदललं की एरर येण्याची जागाही बदलते. जँगो पोस्टग्रेसवर फॉरेन की बनवतो त्या ‘शेवटी तपास’ या प्रकारच्या. ॲटॉमिक ब्लॉकमध्ये अस्तित्वात नसलेल्या सभासदाचा आयडी घालून ओळ सेव्ह केली तर सेव्ह शांतपणे पार पडतं आणि ब्लॉक संपताना एरर येते.

फ्लशच्या क्रमानं तर कितीतरी जणांच्या संध्याकाळी खाल्ल्या आहेत. हायबरनेट साचलेले बदल आपण लिहिले त्या क्रमानं पाठवत नाही: आधी इन्सर्ट, मग अपडेट, आणि सामान्य डिलीट अगदी शेवटी. जुनी नोंद काढून त्याच क्रमांकाची नवी घालायची असं कोडमध्ये अगदी सरळ लिहिलेलं असतं; डेटाबेसला मात्र आधी नवी ओळ येताना दिसते, जुनी तिथेच बसलेली असते, आणि युनिक कन्स्ट्रेंट नाही म्हणतो. प्रोग्रामर कोड पुन्हा वाचतो, डिलीट आधी आहे, इन्सर्ट नंतर आहे, मग झालं काय? मध्ये एक फ्लश घालून वेळ निभावता येते. त्यापेक्षा जुनीच ओळ अपडेट करणं बरं, कारण बहुतेक वेळा आपल्याला खरोखर तेच करायचं असतं. एसक्यूएलअल्केमीही इन्सर्ट डिलीटच्या आधी पाठवतं, पण काढलेल्या आणि घातलेल्या ऑब्जेक्टची प्रायमरी की एकच असेल तर दोन्ही मिळून एक अपडेट करण्याइतकं शहाणपण त्यात आहे; इतर युनिक कॉलमांसाठी नाही. दोन ओळींचे अनुक्रमांक आपसांत बदलायचे असतील तर पोस्टग्रेसमध्ये युनिक कन्स्ट्रेंट लांबणीवर टाकता येतो, पण त्याची किंमत आहे: अशा कन्स्ट्रेंटवर ‘आधीच असेल तर अपडेट कर’ हे २०१६ साली आलेलं ऑन कॉन्फ्लिक्ट वापरता येत नाही.

एरर पकडली, पुढे काय? पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक कन्स्ट्रेंट मोडला की अख्खं ट्रान्झॅक्शन बाद होतं. त्यानंतरची प्रत्येक क्वेरी, अगदी साधी सिलेक्टसुद्धा, ‘ट्रान्झॅक्शन बाद झालेलं आहे’ म्हणून परत येते. लॉगमध्ये शेवटी दिसते ती ही दुसरी एरर, आणि लोक तिचाच शोध घेत बसतात. खरी चार ओळी वर असते. उपाय म्हणजे जिथे नकार अपेक्षित आहे तिथे आधी सेव्हपॉइंट घालायचा. जँगोमध्ये आतला ॲटॉमिक ब्लॉक हेच करतो, एसक्यूएलअल्केमीत बिगिन नेस्टेड. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी दुहेरी कीच्या एररवर फक्त तेवढं विधान मागे घेतो, ट्रान्झॅक्शन चालू राहतं. म्हणून लॅपटॉपवर मायएसक्यूएल आणि सर्व्हरवर पोस्टग्रेस अशी चैन परवडत नाही. हायबरनेटचं सांगणं तर आणखी कडक: एक्सेप्शन आलं की ते सेशन टाकून द्या. आतल्या ऑब्जेक्टांची स्थिती आणि टेबलातली स्थिती यांचा मेळ उरलेला नसतो.

नकार ओळखायचा कसा, यावर एक पूर्ण प्रकरण आहे. इथे एवढंच, की संदेशाचा मजकूर शोधून कधीही निर्णय घेऊ नये. पोस्टग्रेसचे संदेश सर्व्हरच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतात. कोड बदलत नाहीत: २३५०५ म्हणजे युनिक मोडला, २३५०३ फॉरेन की, २३५०२ नल चालत नाही, २३५१४ चेक, आणि २३पी०१ एक्सक्लूजन. मायएसक्यूएलमध्ये दुहेरी कीला १०६२, ओरॅकलमध्ये ओआरए-००००१. कोडावरून प्रकार कळतो. कोणता नियम मोडला हे कळतं कन्स्ट्रेंटच्या नावावरून. आपण नाव दिलं नाही तर ओरॅकल ‘सिस’ आणि आकडे असं काहीतरी स्वतःच ठेवतो, आणि ते प्रत्येक सर्व्हरवर वेगळं निघतं. एसक्यूएलअल्केमीत नावांची पद्धत एकदाच ठरवून देता येते; ती पहिल्या दिवशी ठरवावी. जावावाल्यांसाठी वेगळी सूचना: कन्स्ट्रेंट व्हायोलेशन एक्सेप्शन या एकाच नावाचे दोन क्लास तुमच्या प्रकल्पात असण्याची शक्यता दाट आहे, एक हायबरनेटचा आणि एक बीन व्हॅलिडेशनचा. इम्पोर्टमध्ये चुकीचा निवडला तर कॅच ब्लॉक कंपाइल होतो, दिसायला सुरेख दिसतो आणि काहीही पकडत नाही. स्प्रिंग वापरत असाल तर हायबरनेटचा क्लास सहसा डेटा इंटिग्रिटी व्हायोलेशन एक्सेप्शनच्या पोटात सापडेल.

कॅस्केडबद्दल थोडक्यात. जँगोच्या मॉडेलमध्ये सीएएससीएडीई या अक्षरांनी लिहिलेला कॅस्केड पायथनच्या बाजूला चालतो. टेबलावरच्या फॉरेन कीला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे ॲडमिनमधून सभासद काढला तर त्याच्या पावत्याही जातात, आणि तोच सभासद कन्सोलवरून काढायला गेलं तर डेटाबेस अडवतो. मला हे अडवणंच आवडतं. पैशांच्या नोंदी कुणाच्याही मागोमाग आपोआप पुसल्या जाऊ नयेत.

नल हा दुसरा घोळ. युनिक कॉलमात पोस्टग्रेस कितीही नल चालवून घेतो, एसक्यूएल सर्व्हर एकच, आणि ओरॅकल तर रिकाम्या मजकुरालाच नल मानतो. पोस्टग्रेसच्या २०२२च्या १५व्या आवृत्तीत नलही एकसारखे धरायची सोय झाली. चेक कन्स्ट्रेंटमध्ये नल आला की उत्तर ‘माहीत नाही’ असं येतं, आणि ‘माहीत नाही’ला चेक जाऊ देतो. वय शून्याहून जास्त हवं असा चेक वय न भरलेल्याला अडवत नाही.

शेवटचं प्रकरण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, म्हणून त्याची ओळख करून देतो. आपली नावं देवनागरीत साठवली की युनिक कन्स्ट्रेंटला अक्षरं दिसत नाहीत, युनिकोडचे क्रमांक दिसतात. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं: एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि त्यापाठी न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच. डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी आडनावं, आणि युनिक कन्स्ट्रेंट दोघांनाही आत घेतो. ‘ॲड’मधल्या ॲचीही तीच कथा: स्वतंत्र अक्षर म्हणून एक क्रमांक, आणि अ वर चंद्र ठेवून दोन. युनिकोडचं प्रमाणित रूप, म्हणजे एनएफसी, करून घेतलं तर र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, पण जॉइनरचा आणि ॲचा प्रश्न सुटत नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीनं ती रूपं समान नाहीतच. जॉइनर सरसकट पुसून टाकावा तर कऱ्हाडेचं कर्हाडे होतं, म्हणजे नाव बिघडलं. र, हलन्त आणि जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारं छोटं फंक्शन स्वतःच लिहावं लागतं. ते मॉडेलच्या सेव्हमध्ये ठेवलं तर बल्क इन्सर्ट त्याला वळसा घालतो, फॉर्ममध्ये ठेवलं तर एक्सेलची स्क्रिप्ट. म्हणून मी दोन गोष्टी करतो: फंक्शन फॉर्ममध्ये आणि स्क्रिप्टमध्ये दोन्हीकडे वापरतो, आणि टेबलावर एक नाव दिलेला चेक कन्स्ट्रेंट ठेवतो, जो जॉइनरच्या रूपातलं आडनाव नाकारतो. स्क्रिप्ट तो २३५१४ पकडते, कन्स्ट्रेंटच्या नावावरून ओळखते आणि एक्सेलची कोणती ओळ अडली ते छापून पुढच्या ओळीकडे जाते.